अल्बर्टा हंटरचे कागद

१९७७ साली न्यूयॉर्कमधल्या गोल्डवॉटर मेमोरियल हॉस्पिटलने आपल्या एका नर्सला सेवानिवृत्त केलं. वय सत्तर झालं होतं आणि नियम म्हणजे नियम. वीस वर्षं नोकरी झालेली, कामात खोट काढायला जागा नाही, आणि बाईंची तर निवृत्त व्हायची अजिबात इच्छा नव्हती. दीर्घकाळ आजारी असलेल्यांचं हे हॉस्पिटल. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना कूस बदलून देणं, पुसून काढणं, भरवणं अशी उठबस करायला लावणारी, कंबरडं मोडणारी कामं. ती करणारी ही बाई कागदावर सत्तरची होती, खरी ब्याऐंशीची. कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक वय चोरतात ते एक-दोन वर्षांनी, फार तर पाच. हिने एकदम बारा वर्षं कमी केली आणि ती दोन दशकं शरीराने निभावून नेली. बरोबरच्या बहुतेकांना हेही ठाऊक नव्हतं, की या बाईने जाझवादक लुई आर्मस्ट्राँगबरोबर रेकॉर्डिंग केलंय, लंडनमध्ये गायक-नट पॉल रोब्सनबरोबर काम केलंय आणि ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गानप्रकारातलं एक अजरामर गाणं लिहिलंय.

ही बाई म्हणजे गायिका अल्बर्टा हंटर. तिचं गाणं ऐकताना हा निवृत्तीचा कागद मला सारखा आठवतो. तिच्या चरित्रात जागोजागी असे कागद आहेत, आणि त्यातला एकही जसा दिसतो तसा नाही.

जन्म मेम्फिसचा, १ एप्रिल १८९५. वडील रेल्वेच्या पुलमन, म्हणजे झोपायच्या, डब्यात पोर्टर, ते लवकरच घर सोडून गेले. आई लॉरा एका वेश्यागृहात साफसफाईचं काम करायची. शिकागोत गाणाऱ्या मुलींना आठवड्याला दहा डॉलर मिळतात, एवढ्या ऐकीव माहितीवर अल्बर्टा अकरा-बारा वर्षांची असताना घरातून निघाली. तिथे पोचल्यावर मिळालं ते एका खाणावळीत बटाटे सोलायचं काम, आठवड्याला सहा डॉलर आणि राहणं-जेवण. गाण्याची पहिली नोकरी लागली ती डेगो फ्रँक नावाच्या गुत्त्यात. तिथे वावर चोर-दलालांचा आणि वेश्यांचा, आणि त्या बायकांनीच तिला सांभाळलं, असं ती पुढे कौतुकाने सांगायची. मग एकेक पायरी वर: एलीट, पनामा कॅफे, आणि १९१७च्या सुमारास ड्रीमलँड, जिथे किंग ऑलिव्हरचा जाझ बँड वाजत होता.

ड्रीमलँडचं काम कसं चालायचं हे समजून घेतल्याशिवाय तिचं गाणं कळत नाही. मायक्रोफोन नव्हता. व्यासपीठावर एका जागी उभं राहून गायचं, हा प्रकारही फारसा नव्हता. गायिका टेबलाटेबलांमधून हिंडायची, प्रत्येक टेबलाशी थांबून एखादं कडवं म्हणायची आणि बक्षिशी गोळा करायची. पगार नावापुरता, खरी कमाई या पैशांची. आता याचा गळ्यावर काय परिणाम होतो बघा. मागे कॉर्नेट, ट्रॉम्बोन आणि ड्रम, समोर दारू पिणारी दोनशे माणसं, आणि शब्द तर प्रत्येकाला कळला पाहिजे, कारण द्व्यर्थी ओळीतली गंमत कळली नाही तर खिशातून नोट निघत नाही. नुसतं ओरडून हे होत नाही. ओरडलं की स्वर मोठे होतात आणि व्यंजनं त्यात बुडतात. अल्बर्टाने नेमकी व्यंजनं धरली. तिची त, क, प ही अक्षरं सुरीने कापल्यासारखी येतात आणि त्यांच्यावर ताल टांगलेला असतो. शिवाय एकच गाणं या टेबलाशी लाडात, त्या टेबलाशी टोमण्यात म्हणायची सवय. साठ वर्षांनी म्हातारपणी ती जे करत होती, ते मुळात हेच.

तिचं ते अजरामर गाणं म्हणजे ‘डाउनहार्टेड ब्लूज’. शब्द तिचे, आणि चाल कागदावर उतरवण्यात लव्ही ऑस्टिनचा हात. लव्ही ही शिकागोची पियानोवादक, स्वतःचा बँड चालवणारी बाई. त्या काळात हे दुर्मीळच. ब्लूजचा साचा साधा असतो: बारा बार (बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन), त्यात तीन ओळी, प्रत्येक ओळीला चार बार. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरीत उत्तर. गायिका चारपैकी साधारण दोन-अडीच बारच वापरते, उरलेली जागा पियानोला किंवा कॉर्नेटला. नवखी गायिका ही जागा भरायला जाते आणि गाणं गुदमरतं. मध्यम लयीत एक कडवं अर्ध्या मिनिटात संपतं, म्हणजे तीन मिनिटांच्या तबकडीवर पाच, फार तर सहा कडवी बसतात. अल्बर्टाने त्या मोजक्या कडव्यांत प्रेमात फसलेल्या बाईचं रडगाणं सुरू करून शेवट मात्र भलत्याच ऐटीत केला: अख्खं जग माझ्या सुरईत आहे आणि बूच माझ्या हातात.

बूच तिच्या हातात नव्हतं, ते पुढच्याच वर्षी कळलं.

जुलै १९२२मध्ये तिने ते पॅरामाउंट कंपनीसाठी रेकॉर्ड केलं. तेव्हाचं रेकॉर्डिंग विजेविना चाले. भिंतीतून बाहेर आलेला एक कर्णा, त्याच्या अरुंद टोकाला पडदा, पडद्याला जोडलेली सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. चकती फिरवायला वरून सावकाश उतरणारं वजन, घड्याळासारखं. गाणाऱ्याच्या आवाजात जेवढा जोर तेवढीच सुई हलणार, मध्ये वाढवून देणारं काही नाही. साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ, एवढाच पट्टा धड उमटायचा. त्याखालचा ढोल आणि बास जवळजवळ गायब, त्यावरचा ‘स’ आणि ‘श’ गायब. गायिका कर्ण्याच्या फार जवळ गेली तर जोरकस स्वराला सुई उडून खाचेची भिंत फुटायची, लांब राहिली तर आवाज मेणाच्या खरखरीत बुडायचा. म्हणून तार स्वर आला की मागे झुकायचं, खाली आलं की पुढे. हे सगळं गाताना, आणि चुकलं तर तो मेणाचा तुकडा तासून पुन्हा पहिल्यापासून. ज्यांची व्यंजनं आधीच धारदार होती, त्यांना या यंत्रात थोडा फायदा मिळाला. अल्बर्टा त्यांतली.

तोटा झाला तो पॅरामाउंटच्या मालामुळे. ही कंपनी मूळची खुर्च्यांची. विस्कॉन्सिन चेअर कंपनी फोनोग्राफची लाकडी कपाटं करायला लागली, आणि कपाटं खपावीत म्हणून रेकॉर्डी काढायला लागली. ग्राफ्टन गावात नदीकाठच्या जुन्या गिरणीत तबकड्या छापल्या जायच्या. तबकडीचा मसाला म्हणजे लाख, दगडाची पूड, काजळी आणि थोडा कापूस. यातली लाख आपल्याकडची, छोटा नागपूरच्या जंगलात पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडलेली, कलकत्त्याहून जहाजाने गेलेली. ती महाग, म्हणून पॅरामाउंटने हात आखडता घेऊन पूड वाढवली. पूड जास्त झाली की खाचेचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि नवी कोरी तबकडीही जुनी झाल्यासारखी खरखरते. पाऊण डॉलरला विकलेल्या या तबकड्या लोकांनी पोलादी सुईने, शंभर ग्रॅमहून जास्त वजनाच्या साउंडबॉक्सखाली झिजेपर्यंत वाजवल्या. अल्बर्टाचा तरुण आवाज आज आपल्यापर्यंत अर्धामुर्धाच पोचतो तो यामुळे, आणि तिला दुय्यम ठरवणाऱ्या पुष्कळ समीक्षकांनी खरं तर पॅरामाउंटची लाख ऐकलेली असते.

१६ फेब्रुवारी १९२३ रोजी कोलंबिया कंपनीने तेच गाणं ब्लूज गायिका बेसी स्मिथकडून गाऊन घेतलं. बेसीची ही पहिलीच तबकडी. आदल्या दिवशीचे प्रयत्न फुकट गेले होते. साथीला फक्त क्लॅरेन्स विल्यम्सचा पियानो. ती तबकडी तुफान चालली, सात लाख ऐंशी हजार प्रतींचा आकडा पुस्तकापुस्तकांतून फिरतो. मला तो फुगवलेला वाटतो, तेव्हा अर्धाच धरू. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्याने गाण्याच्या मालकाला छापलेल्या प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट. तीन लाख नव्वद हजारांचे झाले सात हजार आठशे डॉलर. प्रकाशकाचा निम्मा हिस्सा काढा, सहरचनाकार लव्हीचा वाटा काढा, तरी अल्बर्टाच्या हाती हजार-दोन हजार पडायला हवे होते. पडले म्हणतात ते ३६८. मधली गोम अशी, की गाण्याचे हक्क पॅरामाउंटच्या प्रकाशन शाखेकडे होते, आणि तिथल्या मेयो विल्यम्सने कोलंबियाशी परस्पर व्यवहार केला. हा विल्यम्स स्वतः कृष्णवर्णीय, पदवीधर, काळ्या कलाकारांना कंपनीत आणणारा माणूस. त्याचं टोपणनाव ‘इंक’, म्हणजे शाई, कारण सह्या घेण्यात त्याचा हातखंडा. अल्बर्टाला हे समजलं तेव्हा तिने पॅरामाउंटशी संबंध तोडला. तिच्या काटकसरीच्या आणि संशयी स्वभावाच्या गोष्टी पुढे सगळ्यांनी सांगितल्या. मला तो स्वभाव वाटत नाही, सरळ हिशोब वाटतो.

मग तिनेही कागदांशी खेळायला सुरुवात केली. एका कंपनीशी करार असताना दुसरीकडे गाता येत नसे, म्हणून नावं बदलायची. डिसेंबर १९२४मध्ये जेनेट कंपनीसाठी लुई आर्मस्ट्राँग आणि सिडनी बेशे साथीला घेऊन ती गायली, तबकडीवर नाव जोसेफिन बीटी. हे तिच्या सावत्र बहिणीचं नाव. इतरत्र ती अल्बर्टा प्राइम आहे, आणखी कुठे मे अ‍ॅलिक्स. (मे अ‍ॅलिक्स नावाची दुसरी एक खरीखुरी गायिका शिकागोत होतीच, त्यामुळे संग्राहकांच्या डोक्याला कायमचा ताप.) लग्नाचाही एक कागद आहे. १९१९मध्ये विलर्ड टाउनसेंडशी लग्न, जेमतेम संसार, १९२३मध्ये घटस्फोट. तिचं खरं सहजीवन लॉटी टायलर या बाईबरोबरचं, आणि त्याचा कागद निघण्याचा प्रश्नच नव्हता. त्याबद्दल ती आयुष्यभर अवाक्षर बोलली नाही. आपल्याकडे त्याआधीच्या रेकॉर्डींत गाणं संपता संपता बाई स्वतःचं नाव खणखणीत सांगतात. ती सोय तबकडीचे साचे बनवणाऱ्यांना ओळख पटावी म्हणून होती, पण त्या नावाचा अभिमान ऐकू येतो. अल्बर्टाला नाव लपवून पोट भरावं लागलं.

१९२५मध्ये मायक्रोफोन आला आणि सगळं बदललं. तिची २० मे १९२७ची व्हिक्टर कंपनीची तीन गाणी काढून ऐका, साथीला फॅट्स वॉलर, आणि पियानोवर नाही, पाइप ऑर्गनवर. न्यू जर्सीत कॅम्डनला व्हिक्टरने एक चर्च विकत घेऊन स्टुडिओ केला होता, तिथला तो ऑर्गन. असल्या वाद्याबरोबर ब्लूज गाणं महाकर्मकठीण. किल्ली दाबल्यावर नळीतून आवाज निघायला किंचित वेळ लागतो, चर्चमध्ये तो आणखी रेंगाळतो, आणि हवेवर चालणाऱ्या वाद्याला पियानोसारखा ठोका नाही. वॉलर म्हणूनच स्वर तोडून, लहान लहान वाजवतो. ठोका अल्बर्टा देते, त्याच जुन्या व्यंजनांनी. ‘शुगर’मध्ये पहिल्यांदा तिच्या आवाजाची ऊब कळते. पॅरामाउंटच्या कर्ण्यातून ही उतरलीच नव्हती.

त्यानंतर युरोप. ३ मे १९२८ रोजी लंडनच्या ड्र्युरी लेन थिएटरात ‘शो बोट’ हे संगीत नाटक उघडलं, त्यात रोब्सन ‘जो’च्या भूमिकेत आणि ही ‘क्वीनी’च्या. पुढे १९३४मध्ये डॉर्चेस्टर हॉटेलात जॅक जॅक्सनच्या ऑर्केस्ट्राबरोबर ती तलम, इंग्रजी वळणाची प्रेमगीतं गायली. ती मला बेतास बात वाटतात. आवाज निर्दोष, पण टेबलाशी थांबणारी बाई त्यात नाही.

महायुद्धात तिने सैनिकांसाठी गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलाकारांचं पथक बांधलं आणि १९४४मध्ये ते घेऊन चीन-ब्रह्मदेश-हिंदुस्थान आघाडीवर आली. अमेरिकन सैन्यात तेव्हा काळे-गोरे वेगळे. आसामातून ब्रह्मदेशात जाणारा लेडो रस्ता खणणारे बहुतेक काळे, आणि गाणारी पथकंही वेगळी. जंगलातल्या चिखलात, दमट हवेने सूर उतरलेल्या पियानोवर हे कार्यक्रम व्हायचे. गंमत म्हणजे विसाच्या दशकातला शिकागोचाच पियानोवादक टेडी वेदरफोर्ड त्या वर्षांत कलकत्त्यात होता. त्याआधी तो मुंबईच्या ताजमध्ये वाजवायचा, गोव्याची मुलं त्याच्या बँडमध्ये असायची, आणि पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात जी ब्रासची चटक लागली तिचं एक मूळ त्या बँडस्टँडवर आहे.

पन्नासच्या दशकात आई गेली. दोघी एकमेकींच्या आधाराने जगत होत्या. अल्बर्टाने गाणं थांबवलं आणि नर्सिंगचा अभ्यासक्रम धरला. साठीतल्या बाईला प्रवेश कोण देणार? म्हणून वयातून बारा वर्षं वजा. शाळेचं प्रमाणपत्र नव्हतं, तेही तयार झालं. शाईने तिच्याकडून जे नेलं होतं, त्याची थोडी भरपाई शाईनेच केली म्हणा. नोकरीच्या वीस वर्षांत गाण्यासाठी असा ती जवळजवळ एकदाच बाहेर पडली, १९६१मध्ये, हॉस्पिटलची रजा टाकून. शिकागोत लव्ही ऑस्टिन एका नृत्यशाळेत पियानो वाजवून दिवस काढत होती. रिव्हरसाइड कंपनीसाठी दोघी पुन्हा एकत्र बसल्या आणि ‘डाउनहार्टेड ब्लूज’ गायल्या, एकोणचाळीस वर्षांनी. लव्हीचा डावा हात थोडा जड झालाय, लय मधूनच मागे रेलते. अल्बर्टा तिच्यासाठी थांबते, पण ओळ सोडत नाही. तिच्या सगळ्या रेकॉर्डिंगांत मला हे सर्वांत जवळचं.

निवृत्तीनंतर काही महिन्यांतच एका मेजवानीत कुणीतरी तिला ओळखलं, निरोप बार्नी जोसेफसनपर्यंत गेला. हाच तो गृहस्थ, ज्याच्या कॅफे सोसायटी या क्लबात १९३९ साली बिली हॉलिडे गात होती. आता त्याचं ग्रिनिच व्हिलेजमध्ये ‘द कुकरी’ नावाचं लहानसं रेस्तराँ होतं. ऑक्टोबर १९७७मध्ये तिथे अल्बर्टा थोड्या दिवसांसाठी म्हणून उभी राहिली आणि पुढची जवळजवळ सगळी वर्षं तिथेच रमली. जेराल्ड कुक पियानोवर. कानात मोठाली कडी, हाताने मांडीवर ठेका. आवाज खाली उतरलेला, पट्टी बरीच खालची घेतलेली, लांब स्वर धरायचा दम नाही. तिने काय केलं, तर लांब स्वर धरलेच नाहीत. ओळीचे तुकडे केले, मधल्या जागा वाढवल्या, काही शब्द गाण्याऐवजी नुसते बोलून टाकले. कुकचा पियानो त्या जागांत बरोब्बर दोन-तीन सूर टाकतो आणि गप्प बसतो. म्हातारपणी कुठली गायिका काय करू शकते याचा हा वस्तुपाठच. बहुतेक गायिका तरुणपणीच्याच पट्टीत जिवाच्या आकांताने चढायला जातात आणि ऐकणाऱ्याला ओशाळवाणं होतं. जोडीला चावट गाणी. ब्याऐंशीच्या बाईने ती इतक्या निर्व्याज चेहऱ्याने म्हणावीत, की हसावं की नाही हेच समोरच्याला कळू नये.

मग कोलंबियाने तिच्या तबकड्या काढल्या. होय, तीच कोलंबिया. निर्माता जॉन हॅमंड, ज्याने १९३३मध्ये बेसीचं शेवटचं रेकॉर्डिंग केलं होतं. १९७८च्या ‘रिमेंबर माय नेम’ या चित्रपटाच्या तबकडीवर तिने ‘डाउनहार्टेड ब्लूज’ पुन्हा गायलं. १९८०ची ‘अ‍ॅमट्रॅक ब्लूज’ जास्त गाजली. डॉक चीटमचा ट्रंपेट आणि व्हिक डिकन्सनचा ट्रॉम्बोन तिच्याशी समवयस्कांसारखे गप्पा मारतात. १७ ऑक्टोबर १९८४ रोजी ती गेली, एकोणनव्वदाव्या वर्षी.

ऐकायला बसणार असाल तर दोन-चार गोष्टी. मूळ तबकडी हाती आली तर ती स्पिरिटने पुसू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते आणि खाच कायमची जाते. कोमट डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. नंतरच्या एलपी (लाँग प्ले) तबकडीची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन फक्त घाण वाचते. साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रुंद सुई हवी. आजचे फोनो प्रीअ‍ॅम्प, म्हणजे तबकडीचा क्षीण आवाज वाढवणारी सर्किटं, एलपीच्या हिशोबाने वरचे स्वर दाबतात, १९२२च्या तबकडीवर तसा हिशोब मुळात नव्हताच, म्हणून आवाज कांबळ्यातून आल्यासारखा येतो. ते सर्किट वगळा. आणि वेग तपासा. अठ्ठ्याहत्तर हा आकडा नंतर पक्का झाला, त्या काळची कोलंबिया ऐंशीवर चालायची. हा फरक अडीच टक्क्यांचा, आणि तो सहा टक्क्यांवर गेला तर आख्खा अर्धा स्वर. बेसी किंवा अल्बर्टा चिवचिवायला लागली किंवा झिंगल्यासारखी वाटली, तर दोष बहुधा मोटरचा. पियानो कुठल्याच पट्टीत नीट बसत नसेल तर वेग किंचित हलवून पाहा. नेटवरच्या कित्येक प्रतींत खरखर काढायच्या नादात उरलीसुरली व्यंजनंही खरवडून काढली आहेत, आणि अल्बर्टाच्या बाबतीत तेवढीच तर खरी दौलत. थोडी खरखर असलेली प्रत घ्या. क्रम मात्र उलटा ठेवा: आधी ‘अ‍ॅमट्रॅक ब्लूज’, मग १९६१ची लव्हीबरोबरची, मग ऑर्गनची ‘शुगर’, आणि कान तयार झाला की पॅरामाउंट १२००५, म्हणजे १९२२ची ‘डाउनहार्टेड ब्लूज’. बेसीची तबकडी त्याच दिवशी लावू नका. तिचा आवाज एवढा मोठा आहे, की त्यानंतर तासभर दुसरं कुणी ऐकूच येत नाही.